कोरड्या दिवसांत खोलीतील आर्द्रता घरच्या साधनांनी कशी वाढवावी

फेब्रुवारीच्या मध्यापासून मेअखेरीपर्यंत विदर्भ, मराठवाडा, खानदेश आणि पुण्यापासून सोलापूरपर्यंतच्या पठारी पट्ट्यात दुपारची सापेक्ष आर्द्रता, म्हणजे त्या तापमानाच्या हवेत जास्तीत जास्त मावू शकणाऱ्या बाष्पाच्या तुलनेत प्रत्यक्ष असलेले बाष्प, वीस टक्क्यांच्या आसपास, तर कित्येकदा त्याहूनही खाली उतरते. त्या दिवसांत ओठ फुटतात, टाचांच्या भेगा वाढतात, सकाळी उठताना घशाला कोरड पडलेली असते, डोळे चुरचुरतात आणि मुलांचा घोळणा फुटतो. घरातील वस्तूंवरही परिणाम दिसतो. लाकडी दाराच्या सांध्यांत फटी पडतात, तबल्याची पुडी ताणली जाऊन सूर चढतो आणि तंबोऱ्याच्या भोपळ्याला तडा जाण्याची भीती असते. यावर बहुतेक घरांत केला जाणारा उपाय म्हणजे खोलीच्या कोपऱ्यात पाण्याने भरलेले भांडे ठेवणे. त्याचा उपयोग जवळजवळ होत नाही, कारण खोलीत पाणी किती आहे याला महत्त्व नसून त्या पाण्याचा किती पृष्ठभाग हवेला लागतो आणि त्यावरून हवा किती वाहते याला महत्त्व आहे. पुढील सर्व पद्धती याच एका तत्त्वावर उभ्या आहेत, आणि त्यांपैकी कोणती किती उपयोगी आहे हेही त्यावरूनच ठरते.

किनारपट्टीवर राहणाऱ्यांना यातील फारसे काही करण्याची गरज नाही. मुंबई, कोकण आणि गोव्यात अडचण बहुधा उलट असते, आणि तेथे वातानुकूलित खोलीत बसून त्वचा कोरडी पडली तरी तेथील आर्द्रता सहसा चाळीस ते पंचावन्न टक्क्यांच्या दरम्यान असते. तशा खोलीत ओले कपडे टांगणे म्हणजे बुरशीला आमंत्रण देणे होय. तेथे अंगाला तेल किंवा मलम लावणे हाच योग्य उपाय आहे.

पाणी किती लागते

पंचवीस अंश सेल्सिअस तापमानाच्या एका घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे 23 ग्रॅम बाष्प मावते. दहा बाय बारा फुटांची आणि दहा फूट उंचीची खोली घेतली तर तिच्यात सुमारे 34 घनमीटर हवा असते. तिची आर्द्रता 25 टक्क्यांवरून 45 टक्क्यांवर न्यायची असेल, तर हिशेबाने दीडशे ग्रॅमच्या आसपास, म्हणजे पेलाभराहूनही कमी पाणी हवेत जावे लागते. मात्र खोली ही बंद बाटली नसते. दाराखालची फट, खिडकीच्या झडपा आणि वरचा झरोका यांतून आतली हवा सतत बाहेर जात असते व बाहेरची कोरडी हवा आत येत असते. खिडक्या लावलेल्या असतानाही दर दोन तासांनी सगळी हवा बदलते असे धरले, तर पहिल्या दीडशे ग्रॅमनंतर दर तासाला आणखी ऐंशी ग्रॅमच्या आसपास पाणी पुरवत राहावे लागते. आठ तासांच्या रात्रीसाठी हा आकडा पाऊण लिटरच्या घरात जातो. त्यातला काही भाग झोपणाऱ्या माणसांच्या श्वासातून आणि त्वचेतून आपोआप मिळतो, पण खिडकी उघडी ठेवली तर हा सगळा हिशेब कोलमडतो आणि लिटरामागून लिटर पाणी उडवले तरी काटा हलत नाही.

आता कोपऱ्यातल्या भांड्याकडे पाहावे. वीतभर तोंडाच्या पातेल्यातून स्थिर हवेत तासाला जेमतेम एक-दोन चमचे पाणी उडते, आणि पातेले कितीही खोल असले तरी त्यात फरक पडत नाही. ज्यांना भांडेच ठेवायचे आहे त्यांनी निदान मोठी परात घ्यावी आणि तीत बोटभर पाणी ठेवावे, कारण कळशीभर पाण्यापेक्षा परातीतले तांब्याभर पाणी अधिक काम करते. तरीही अशा चार-पाच पराती मिळून एका ओल्या टॉवेलची बरोबरी कशीबशी होते.

येथेच तापमानाचा मुद्दा लक्षात घेणे आवश्यक आहे, कारण पुष्कळदा खोलीतले पाणी कमी झालेले नसते, केवळ उष्णता वाढलेली असते. पंचवीस अंशांना चाळीस टक्के आर्द्रता असलेली हवा चाळीस अंशांपर्यंत तापली, तर तिच्यात तेवढेच बाष्प असूनही तिची सापेक्ष आर्द्रता सतरा टक्क्यांवर येते. म्हणून सकाळी नऊच्या आत पश्चिमेकडील व दक्षिणेकडील खिडक्या लावून घेणे, जाड पडदे किंवा गोणपाट सोडणे आणि गच्चीवर सावली करणे हे उपायही आर्द्रता राखणारेच आहेत. पाण्याचा एक थेंबही न वापरता खोली पाच-सहा अंशांनी थंड राहिली, तर निम्मे काम आधीच झालेले असते.

मोजल्याशिवाय सुरुवात करू नये

आर्द्रता दाखवणारे छोटे डिजिटल यंत्र, म्हणजे हायग्रोमीटर, बाजारात स्वस्तात मिळते, पण स्वस्त यंत्र कित्येकदा पाच-दहा टक्क्यांनी चुकीचे दाखवते. त्याची परीक्षा घरातल्या मिठाने होते. बाटलीच्या झाकणात साधे मीठ भरावे आणि त्यावर पाण्याचे काही थेंब टाकून ते ओल्या वाळूसारखे करावे; मीठ विरघळून पाणी वर तरंगू लागले तर ते जास्त झाले असे समजावे. हे झाकण आणि यंत्र घट्ट झाकणाच्या पारदर्शक डब्यात एकत्र ठेवून डबा आठ ते बारा तास एकाच जागी, उन्हापासून दूर राहू द्यावा. ओलसर मिठाच्या सान्निध्यात बंद डब्यातील आर्द्रता 75 टक्क्यांवर स्थिरावते. डबा न उघडता यंत्राने 70 दाखवले, तर यंत्र पाच टक्के कमी दाखवते असे लिहून ठेवावे आणि पुढे प्रत्येक वेळी तेवढी भर घालावी.

यंत्र नसेल तर खोलीचे तापमान दाखवणारे दोन सारखे थर्मामीटर पुरतात. तापाचा थर्मामीटर येथे चालत नाही, कारण त्याचे आकडे पस्तिसाच्या आसपास सुरू होतात. एका थर्मामीटरच्या फुग्याला मलमलीचा ओला तुकडा गुंडाळावा, दोन्ही थर्मामीटर पंख्यासमोर शेजारी शेजारी धरावेत आणि आकडे स्थिर होईपर्यंत चार-पाच मिनिटे थांबावे. कोरडा थर्मामीटर 25 अंश दाखवत असताना ओला 20 दाखवत असेल, तर आर्द्रता 63 टक्क्यांच्या आसपास आहे. ओला 18 असेल तर 50, 16 असेल तर 38, आणि 14 पर्यंत उतरला असेल तर 27 टक्के. उन्हाळ्याच्या दुपारी कोरडा 35 आणि ओला 20 दिसला, तर आर्द्रता 24 टक्के समजावी. ओला 25 दिसला तर 44 टक्के.

एवढेही करायचे नसेल, तर बर्फ घातलेल्या पाण्याचा स्टीलचा पेला टेबलावर ठेवून पाहावे. पंचवीस अंशांच्या खोलीत दहा मिनिटांनंतरही पेल्याला बाहेरून घाम फुटला नाही, तर आर्द्रता पंचवीस टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून कमी आहे आणि उपाय करण्याची वेळ आली आहे. पेला लगेच धुरकट होऊन त्यावरून ओघळ उतरू लागले, तर त्या दिवशी काहीही करू नये.

चाळीस ते पन्नास टक्के हे उद्दिष्ट ठेवावे. साठ टक्क्यांच्या पुढे गेल्यास भिंतीच्या थंड कोपऱ्यांत बुरशी धरू लागते आणि गाद्या-उशांतील धूळकिडे वाढतात, त्यामुळे घरात दम्याचा रुग्ण असेल तर पंचेचाळिसावरच थांबणे शहाणपणाचे आहे. ज्यांचा घोळणा वारंवार फुटतो त्यांनी हवेवरच सारा भरवसा न ठेवता डॉक्टरांना दाखवावे.

ओला टॉवेल आणि संथ पंखा

सर्वांत कमी खटपटीची आणि माझ्या मते सर्वांत भरवशाची पद्धत ही आहे. अंग पुसण्याचा मोठा सुती टॉवेल घ्यावा, किंवा जुने धोतर अथवा सुती चादर घ्यावी. टॉवेल पूर्ण भिजवून एवढाच पिळावा की त्यातून पाणी टपकणार नाही. असा टॉवेल स्वतःच्या कोरड्या वजनाइतके, म्हणजे साधारण चारशे ते पाचशे ग्रॅम पाणी धरून ठेवतो, आणि टांगल्यावर त्याच्या दोन्ही बाजू मिळून जवळजवळ दोन चौरस मीटर पृष्ठभाग हवेला मिळतो. झोपण्यापूर्वी एक टॉवेल आणि मध्यरात्री उठणे झाले तर दुसरा, एवढ्यावर वर सांगितलेल्या खोलीची रात्र बहुधा निभते.

टॉवेल कोठे टांगावा यावर बरेच अवलंबून आहे. तो भिंतीला टेकू देऊ नये, कारण त्यामुळे त्याची एक बाजू वाया जाते आणि भिंतीच्या रंगाला पोपडे धरतात. दोन खुर्च्यांच्या पाठींवर आडवी काठी ठेवून किंवा कपडे वाळत घालण्याच्या स्टँडवर तो एकेरी पसरावा. दुमडून टाकल्यास आतली घडी ओली राहते आणि सकाळपर्यंत कुबट वास येऊ लागतो. छताचा पंखा अगदी संथ फिरत राहिला तरी पुरे. पंखा जोरात लावल्यास पाणी लवकर उडेल, पण झोपणाऱ्याच्या अंगावरचा ओलावाही तितक्याच वेगाने जाईल आणि ज्यासाठी हे सारे करायचे तोच हेतू निम्मा फसेल.

पद्धत किती काम करते हे स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर कळते. पिळलेला टॉवेल रात्री वजन करून टांगावा आणि सकाळी पुन्हा वजन करावे. जेवढे ग्रॅम कमी झाले तेवढेच मिलिलिटर पाणी हवेत गेले. हा आकडा दोनशेच्या आत राहिला, तर टॉवेलला हवा लागत नाही किंवा हवा मुळातच पुरेशी दमट आहे, या दोहोंपैकी एक कारण असते, आणि ते कोणते हे हायग्रोमीटर सांगतो.

कापडाची निवड करताना एवढेच पाहावे की ते पूर्ण सुती असावे. पॉलिएस्टर मिसळलेले कापड पाणी पुरेसे शोषत नाही. नवे मांजरपाट किंवा खादी वापरायची असेल, तर तिची खळ जाईपर्यंत गरम पाण्यात दोन-तीन वेळा धुऊन घ्यावी, नाही तर पाणी वरच्या वर घरंगळून जाते.

पट्ट्यांचे घरगुती यंत्र

ज्यांना रात्री उठून टॉवेल भिजवायचा नाही, किंवा ज्यांना दिवसभर अभ्यासाच्या अथवा वाद्यांच्या खोलीत आर्द्रता टिकवायची आहे, त्यांनी कापड स्वतःच पाणी वर ओढील अशी मांडणी करावी. यासाठी पसरट टब किंवा घमेले, एक काठी, जुन्या टर्किश टॉवेलच्या वीतभर रुंद आणि हातभर लांब अशा सात-आठ पट्ट्या आणि एक छोटा टेबलफॅन एवढे साहित्य लागते.

टबच्या दोन बाजूंना विटा किंवा डबे रचून त्यांवर काठी आडवी टाकावी आणि पट्ट्या तिच्यावर अशा लटकवाव्यात की प्रत्येकीचे दोन्ही पदर टबातील पाण्यात बुडतील. काठी पाण्यापासून वीतभरापेक्षा उंच नसावी, कारण सुती कापड पाणी वर ओढते ते साधारण तेवढ्याच उंचीपर्यंत. त्याच्या वरचा भाग कोरडा पडतो आणि केवळ शोभेपुरता उरतो. दोन पट्ट्यांमध्ये दोन बोटांचे अंतर ठेवावे, म्हणजे वारा त्यांच्यामधून वाहू शकतो. सुरुवातीला पट्ट्या पूर्ण भिजवूनच लावाव्यात. कोरड्या पट्ट्यांना पाणी चढायला फार वेळ लागतो आणि तोवर मांडणी निरुपयोगी आहे असा समज होतो.

टेबलफॅन टबपासून दोन-तीन फुटांवर, टबापेक्षा उंच आणि भक्कम स्टुलावर ठेवावा, व त्याचा वारा पट्ट्यांच्या कडेने त्यांच्यामधून जाईल अशी दिशा द्यावी. वायर जमिनीवरून टबकडे जाऊ देऊ नये आणि एक्स्टेन्शन बोर्ड टबजवळ मुळीच ठेवू नये. घरात गळती-संरक्षक स्विच, म्हणजे आरसीसीबी, बसवलेला नसेल, तर टेबलफॅनऐवजी छताच्या पंख्यावरच भागवावे. पाणी थोडे कमी उडेल, पण धोका राहणार नाही. रांगते मूल असलेल्या घरात ही मांडणी करूच नये. पाण्याचा टब हा तेवढ्या लहान मुलासाठी विजेइतकाच धोकादायक असतो.

कोरड्या दिवशी अशा मांडणीतून तासाला शंभर ते दीडशे मिलिलिटर पाणी उडावे. टबाच्या आत पाण्याच्या पातळीवर पेन्सिलीची खूण करून ठेवल्यास सायंकाळी किती पाणी गेले ते मोजता येते. तीन-चार दिवसांत पट्ट्यांच्या वरच्या कडेला पांढरट खर जमू लागते. बोअरवेलच्या पाण्यातील क्षार मागे उरल्यामुळे ती येते आणि ती येणे चांगलेच आहे, कारण तेच क्षार बाजारातील धुके सोडणाऱ्या अल्ट्रासोनिक यंत्रातून हवेत उडतात आणि पांढऱ्या धुळीच्या रूपाने फर्निचरवर बसतात. खर जाड झाली की पट्ट्या व्हिनेगर घातलेल्या पाण्यात तासभर भिजवून धुवाव्यात.

रोजच्या कामांतून मिळणारे पाणी

धुण्याच्या यंत्रातून पिळून निघालेल्या कपड्यांत त्यांच्या कोरड्या वजनाच्या साधारण निम्मे पाणी शिल्लक असते, म्हणजे चार किलो कपड्यांत सुमारे दोन लिटर. एप्रिलमध्ये हे कपडे गच्चीत टाकण्याऐवजी संध्याकाळी झोपण्याच्या खोलीत स्टँडवर वाळत घातले, तर वेगळा टॉवेल भिजवण्याची गरजही उरत नाही. मात्र दाटीवाटीने टाकलेले कपडे वाळायला वेळ घेतात आणि वास धरतात, तसेच कपड्यांना लावलेल्या सुगंधी द्रवाचा वास बंद खोलीत काहींना सोसत नाही.

ओल्या फडक्याने लादी पुसल्यास पेलाभर पाणी हवेत जाते, पण ते अर्ध्या तासात संपते. जेवणानंतर आणि निजण्यापूर्वी पुसणे एवढाच त्याचा लाभ. आंघोळीनंतर न्हाणीघराचे दार उघडे ठेवण्याचा परिणामही असाच तात्पुरता असतो. माठाच्या सच्छिद्र अंगातून पाणी झिरपून उडत असते व त्यामुळेच आतले पाणी गार होते, तेव्हा माठ स्वयंपाकघराच्या कोपऱ्याऐवजी बैठकीच्या खोलीत, वाऱ्याच्या वाटेवर ठेवण्यात काहीच तोटा नाही.

झाडांविषयी मात्र फार अतिशयोक्ती केली जाते. झाड मुळांवाटे घेतलेले बहुतेक सर्व पाणी पानांवाटे हवेत सोडते हे खरे आहे, पण म्हणूनच त्याचा हिशेब सोपा आहे: कुंडीला दिवसाला जेवढे पाणी लागते, त्याहून जास्त पाणी ती हवेला देऊ शकत नाही. खोलीत मनीप्लांटची एक बाटली ठेवून आर्द्रता वाढेल असे मानणे व्यर्थ आहे. मोठ्या पानांची, भरपूर पाणी पिणारी सहा-सात झाडे एकत्र ठेवली, तर थोडा फरक जाणवतो.

वाळ्याची ताटी आणि कूलर

आतापर्यंतच्या पद्धती बंद खोलीसाठी होत्या. विदर्भातल्या मे महिन्यात खोली बंद ठेवणे नेहमी शक्य नसते, आणि तेथे पिढ्यान्‌पिढ्या वेगळा मार्ग वापरला गेला आहे: आत येणारी हवाच ओली करून घ्यायची. बांबूच्या कामट्यांच्या चौकटीत वाळ्याच्या मुळ्या दाबून शिवलेली ताटी ज्या खिडकीतून गरम वारा येतो त्या खिडकीला बाहेरून बसवतात आणि तिच्यावर पाणी मारत राहतात. ताटी खिडकीपेक्षा चारी बाजूंनी दोन-दोन इंच मोठी असावी, कारण कडेच्या फटीतून शिरणारा वारा कोरडाच राहतो. वरच्या कडेला बारीक भोके पाडलेली पीव्हीसीची नळी बांधून ती टाकीला जोडली आणि खाली पन्हळ लावली, तर दर अर्ध्या तासाला उठून पाणी मारावे लागत नाही. समोरच्या बाजूची खिडकी किंवा दार हातभर उघडे ठेवणे अत्यावश्यक आहे. हवेला बाहेर जायला वाट नसेल तर ती आत येणारच नाही. वारा पडला की ताटी थांबते, हा तिचा दोष आहे, पण वीज नसतानाही ती चालते आणि ओल्या वाळ्याचा सुगंध कोणत्याही यंत्रातून मिळत नाही. ताटी एका मोसमापुरतीच वापरावी. दुसऱ्या वर्षी मुळ्यांत बुरशी धरलेली असते आणि तोच सुगंध कुबट होतो.

कूलर ही याच ताटीची पंखा लावलेली आवृत्ती आहे. चाळीस अंशांची आणि वीस टक्के आर्द्रतेची हवा चांगल्या कूलरमधून आत येताना सव्वीस-सत्तावीस अंशांपर्यंत उतरते आणि तिची आर्द्रता साठ टक्क्यांच्या पुढे जाते, म्हणून कूलर चालू असलेल्या घरात टॉवेल किंवा पट्ट्या लावण्याचे काहीच कारण नाही. पुष्कळ लोक कूलर खोलीच्या आत ठेवून दारे-खिडक्या लावून घेतात. मग तीच ओली हवा पुन्हा पुन्हा भिजत राहते, तासाभरात अंग चिकचिकू लागते आणि कूलरला बोल लावला जातो. कूलर खिडकीत, बाहेरची हवा ओढील असाच बसवावा.

पठारावरच्या वातानुकूलित खोलीचे प्रकरण थोडे निराळे आहे. येथे बाहेरची हवा मुळातच कोरडी असते आणि एसी तिच्यातले उरलेसुरले पाणीही काढतो. एसीच्या नळीतून बाहेर पाणी टपटपत असेल, तर खोलीतली हवा फार कोरडी नाही असे समजावे. नळी कोरडी ठणठणीत असेल आणि घसा सुकत असेल, तर एक ओला टॉवेल टांगावा. त्याहून जास्त करू नये. पंचेचाळीस टक्क्यांच्या पुढे आपण घातलेले पाणी एसी काढून टाकू लागतो आणि दर लिटरमागे त्याच्यावर पाऊण युनिटाच्या आसपास उष्णतेचा जादा भार पडतो.

पाणी उकळू नये

चुलीवर पाण्याचे पातेले उकळत ठेवण्याचा सल्ला अनेक ठिकाणी दिला जातो. एक लिटर पाणी तापवून पूर्ण वाफ करण्यास विजेच्या किटलीला सुमारे 0.7 युनिट लागतात, आणि ती सगळी उष्णता शेवटी खोलीतच राहते. उलट टॉवेलवरून उडणारे पाणी तेवढीच उष्णता खोलीतून शोषून घेते. आधीच तापलेल्या घरात कोणता मार्ग पत्करावा हे वेगळे सांगायला नको. गॅसवर उकळण्यात आणखी एक धोका आहे. एक किलो एलपीजी जळताना दीड किलोहून अधिक पाण्याची वाफ स्वतःच निर्माण करते हे खरे असले, तरी तिच्याबरोबर कार्बन डायऑक्साइड आणि हवा अपुरी पडल्यास विषारी कार्बन मोनॉक्साइडही बंद खोलीत साठतो. सर्दीसाठी पाच मिनिटे वाफ घेणे ही निराळी गोष्ट आहे. तिचा खोलीच्या आर्द्रतेशी संबंध नाही. पाण्यात कापूर किंवा निलगिरीचे तेल टाकल्यानेही आर्द्रता वाढत नाही, आणि तान्ह्या मुलाच्या खोलीत तर ते टाकूच नये.

थंड देशांत राहणाऱ्या मराठी कुटुंबांची अडचण कारणाने वेगळी, पण परिणामाने सारखीच असते. टोरांटो किंवा शिकागोसारख्या शहरात बाहेरची उणे दहा अंशांची हवा पूर्ण दमट असली, तरी ती घरात येऊन एकवीस अंशांपर्यंत तापली की तिची आर्द्रता अकरा टक्क्यांच्या आसपास राहते. तेथे ओला टॉवेल आणि घरात वाळत घातलेले कपडे हेच उपाय उत्तम चालतात. टॉवेल पाण्याच्या रेडिएटरजवळ टांगावा, विजेच्या हीटरवर मात्र कधीही टाकू नये. तेथे उद्दिष्ट तीस ते चाळीस टक्क्यांपुरतेच ठेवावे, कारण काच फार थंड असल्याने त्याहून दमट हवा खिडक्यांवर पाझरू लागते. सकाळी काचेच्या खालच्या कडेला पाण्याची रेघ दिसली, की त्या रात्री टॉवेलला सुट्टी द्यावी.

स्वच्छता आणि डास

ओले कापड आणि साठलेले पाणी या दोन्ही गोष्टींत जिवाणू वाढतात, म्हणून टॉवेल रोज बदलावा किंवा धुवावा, आणि पट्ट्या आठवड्यातून एकदा उकळत्या पाण्यातून काढून कडक उन्हात वाळवाव्यात. टबातील पाणी रोज फेकून नवे भरावे. वरून भर घालत राहिल्यास क्षार आणि घाण दोन्ही साठत जातात.

डेंग्यू पसरवणारा एडिस डास मुख्यतः स्वच्छ, साठलेल्या पाण्याच्या जागी अंडी घालतो आणि उबदार हवेत अंड्यापासून डास तयार होण्यास आठवडा-दहा दिवस पुरतात. आरोग्य कर्मचारी आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळण्यास सांगतात, त्याचे कारण हेच आहे. त्या दिवशी कूलरची टाकी, ताटीखालची पन्हळ, पट्ट्यांचा टब आणि कुंड्यांखालच्या ताटल्या रिकाम्या करून वाळू द्याव्यात. केवळ पाणी ओतून देणे पुरेसे नाही. या डासाची अंडी भांड्याच्या आतल्या बाजूला, पाण्याच्या रेषेच्या जरा वर चिकटलेली असतात आणि ती कोरड्या अवस्थेत महिनोन्‌महिने तग धरतात, त्यामुळे ती रेषा ताठ ब्रशने घासूनच काढावी लागते.

जूनमध्ये पहिल्या सरी येताच हायग्रोमीटरचा आकडा साठाच्या वर जाऊ लागतो आणि हे सारे आवरण्याची वेळ येते. पट्ट्या धुऊन पूर्ण वाळवून ठेवाव्यात, वाळ्याची ताटी काढून टाकावी, कूलरचे पाणी सोडून त्याच्या गवताच्या गाद्या फेकाव्यात, आणि टब व टाकी आतून घासून, उन्हात वाळवून पालथी ठेवावीत.